छतावर सोलर, तरी घरात अंधार का?

धुळ्यात, जळगावात ज्यांनी गच्चीवर सोलर बसवलंय, त्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. मे महिन्याची भर दुपार, पॅनलवर ऊन मावत नाही आणि तेवढ्यात लाईट जाते. त्याबरोबर घरातला पंखाही थांबतो. वीज आपल्याच डोक्यावर तयार होत असताना घर बंद का पडावं?

उत्तराचा सोपा भाग आधी सांगतो. वायरमन लाईन बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी गल्लीतल्या दहा गच्च्यांवरची वीज उलटी तारेत शिरली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रीडला, म्हणजे तारांच्या सार्वजनिक जाळ्याला, जोडलेल्या प्रत्येक सोलर इन्व्हर्टरला (पॅनलची वीज तारेतल्या विजेसारखी करून देणाऱ्या यंत्राला) सक्ती असते, की समोरची लाईट गेली की दोन सेकंदांच्या आत आपणही बंद व्हायचं. अवघड भाग असा, की हे इन्व्हर्टर बहुतेक वेळा स्वतःच्या बळावर चालूच शकत नाहीत. तारेतल्या विजेची जी लय असते ती सतत मोजत, तिच्याशी जुळवून घेत ते आपली वीज आत सोडतात. ती लय नाहीशी झाली की कशाशी जुळवायचं हेच त्यांना कळत नाही.

वीज अभियांत्रिकीच्या संशोधनात आज जे सर्वांत महत्त्वाचं काम चाललंय, त्यातलं बरंचसं या दुसऱ्या भागाभोवती फिरतं. कोळसा कमी करायचा, ऊन-वारा वाढवायचा, आणि तरीही वादळात, उन्हाळ्यात, बिघाडात जाळं उभं राहिलं पाहिजे. पडलंच तर लवकर उठलं पाहिजे. या दोन गोष्टी एकत्र साधणं किती कठीण आहे, हे समजून घ्यायला खान्देशाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचं औष्णिक केंद्र आहे. तिथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत आणि अलीकडे ६६० मेगावॅटचा नवा संच उभा राहिला आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. औरंगाबादहून धुळ्याला आणि धुळ्याहून वडोदऱ्याला ७६५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) लाईनी गेल्या आहेत, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात यांना जोडणारा विजेचा एक राजमार्ग आपल्या दारातून जातो. आणि याच भागात रावेर-यावलच्या केळीबागेतला शेतकरी "लाईट उनी का?" असं रात्री अकरा वाजता फोनवर विचारतो. वीज तयार होण्याची जागा आणि वीज न पोचण्याची जागा इतक्या जवळजवळ आहेत.

पन्नासची लय

भारतभरच्या तारांतली वीज एका सेकंदात ५० आवर्तनं करते. दीपनगरच्या जनित्राचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो, कारण ३००० भागिले ६० म्हणजे ५०. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळंही उर्वरित देशाशी एक झालं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी मोठी जनित्रं एकाच लयीत फिरतात.

या लयीला एक अट आहे. ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकीच तयार झाली पाहिजे. वापर वाढला की रोटर जरा मंदावतात आणि ५० चं ४९.९ होतं, वापर कमी झाला की ५० च्या वर जातं. ४९.९० ते ५०.०५ हा आपल्याकडे ठरवलेला पट्टा आहे. राज्याचा हा हिशोब ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात चोवीस तास चालतो. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली. तरीही जाळं पडलं नाही. जलविद्युत केंद्रांनी काही मिनिटांत निर्मिती खाली आणली आणि पुन्हा वर नेली. त्या रात्री नियंत्रण कक्षांत बसलेल्या माणसांचं कौतुक आपण पुरेसं केलं नाही, असं मला अजून वाटतं.

पण मिनिटांच्याही आधी, पहिल्या एक-दोन सेकंदांत काय घडतं? एखादा मोठा संच अचानक बंद पडला तर कोणतंही केंद्र तेवढ्यात वाफ किंवा पाणी वाढवू शकत नाही. तेव्हा जाळं तरतं ते रोटरांच्या वजनावर. कडबाकुट्टीचं जड चाक आठवा: जाड पेंढी आत गेली तरी ते झटक्यात थांबत नाही, फिरण्यात साठलेल्या जोरावर पेंढी कापून पुढे जातं. अनेक टन वजनाचे रोटर नेमकं हेच करतात. कोणीही बटण न दाबता, आपल्या फिरण्यातली थोडी ऊर्जा ते तारेत सोडतात आणि माणसांना व यंत्रांना सावरायला काही सेकंद मिळवून देतात. अभियंते या गुणाला जडत्व म्हणतात.

सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. नव्या पवनचक्कीचं पातं फिरतं, पण तिच्या आणि तारेच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, त्यामुळे तिचं जडत्व आपोआप जाळ्याच्या कामी येत नाही. दुपारी उन्हाची वीज भरपूर झाली की कोळशाचे संच खाली आणावे लागतात, आणि तेवढं जडत्व कमी होतं. २०२५ च्या मध्यावर देशात बसवलेल्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायू-तेलाशिवायची झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत मात्र कोळसा अजून सुमारे सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता आणि युनिटं यांत गल्लत केली की चर्चा भरकटते, म्हणून हा फरक मुद्दाम सांगतो.

दीपनगरसारख्या केंद्रांवर यामुळे वेगळाच ताण येतो. कोळशाचा संच पूर्ण भाराने, एकसारखा चालण्यासाठी बांधलेला असतो. आता दुपारी त्याला ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे, पुढे ४० टक्क्यांपर्यंत, आणि सूर्य मावळला की पुन्हा वर चढायचं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये तसे नियमच केले आहेत. रोज तापणं-निवणं झालं की बॉयलरच्या नळ्यांना बारीक तडे जातात. ते आधीच कसे ओळखायचे, हा संशोधनाचा एक स्वतंत्र विभाग झाला आहे.

मागे चालणारे आणि पुढे चालणारे

आता पुन्हा इन्व्हर्टरकडे येऊ. लय ऐकून मागे चालणाऱ्या इन्व्हर्टरऐवजी स्वतः लय निर्माण करणारा इन्व्हर्टर बनवता येतो. त्याच्या आतली संगणकप्रणाली ठरवते, की मीच ५० ची लाट उभी करणार आणि व्होल्टेजही मीच धरून ठेवणार. त्याला जोडीला बॅटरी लागते, कारण लय धरायची तर मागितली तेव्हा वीज देता आली पाहिजे. असे इन्व्हर्टर प्रयोगशाळेतून बाहेर पडले आहेत. पण एका जाळ्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे शेकडो एकत्र आले की ते एकमेकांशी भांडणार नाहीत ना, हे तपासणं अवघड आहे. त्यासाठी संशोधक खरा इन्व्हर्टर घेतात आणि संगणकात उभ्या केलेल्या खोट्या जाळ्याला जोडतात. मग त्या जाळ्यात मुद्दाम बिघाड घडवतात. खऱ्या गावाला अंधारात न टाकता खरी परीक्षा होते.

ही परीक्षा का लागते, ते दक्षिण ऑस्ट्रेलियाने दाखवलं. २८ सप्टेंबर २०१६ ला तिथे वादळाने मोठ्या लाईनींचे मनोरे पाडले आणि व्होल्टेजने एकामागून एक गचके खाल्ले. तिथल्या काही पवन प्रकल्पांच्या आज्ञावलीत एक साधी मर्यादा लिहिलेली होती: थोड्या वेळात इतके गचके झाले की बंद हो. ते बंद झाले, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाईनवर भार कोसळला, तीही तुटली आणि सगळं राज्य अंधारात गेलं. वारा होता, पाती धड होती. आज्ञावलीतली मर्यादा नंतर बदलली गेली. पुढच्याच वर्षी तिथे १०० मेगावॅटची बॅटरी बसली.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला दुपारी साडेबाराच्या सुमाराला वीज गेली, तेव्हा "सोलरमुळे झालं" असा गलका उठला. तपासात निघालं ते असं: व्होल्टेज वाढत गेलं, वाढलेल्या व्होल्टेजमुळे प्रकल्प स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून सुटत गेले आणि ते सुटल्यामुळे व्होल्टेज आणखी वाढलं. बऱ्याच सौर-पवन प्रकल्पांना व्होल्टेज सावरण्याचं काम नेमून दिलेलंच नव्हतं. यंत्र ते काम करू शकत होतं, पण नियमाने ते मागितलं नव्हतं.

व्होल्टेज: केळीबागेतला रोजचा विषय

आपल्याकडे तक्रार उलटी असते. व्होल्टेज चढत नाही, पडतं. अकरा केव्हीचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणारी लाईन, लांबच लांब जातो, त्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ६३ किंवा १०० केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) जितके पंप असायला हवेत त्याहून जास्त जोडलेले असतात. व्होल्टेज पडलं की मोटार तेच पाणी उपसायला जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी जळते. रिवाइंडिंगचा खर्च आणि पाण्याची चुकलेली पाळी, दोन्ही शेतकऱ्याच्या माथी येतात.

इथे एक बारकावा आहे. मोटारीला दोन प्रकारचा करंट लागतो. एक प्रत्यक्ष पाणी उपसतो. दुसरा मोटारीत चुंबकत्व उभं करतो. तो काम करत नाही, नुसता येतो-जातो, पण तार मात्र भरून टाकतो. तारेतलं नुकसान करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे करंट दुप्पट तर नुकसान चौपट. पंपाला योग्य मापाचा कॅपॅसिटर लावला की तो दुसरा करंट जागच्या जागी मिळतो, दूरच्या उपकेंद्रातून आणावा लागत नाही. इतकी स्वस्त आणि इतकी उपयोगी वस्तू स्टार्टरच्या पेटीत सुटलेल्या वायरीनिशी पडून असलेली दिसते, तेव्हा वाईट वाटतं.

ऑटो स्विचचंही तसंच. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून शेतकरी तो लावतो, त्यात त्याची चूक काय? पण लाईट आली की फिडरवरचे सगळे पंप एका क्षणात सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. फिडर ट्रिप होतो, किंवा डीपीचा फ्यूज जातो. संशोधनात या अवस्थेचा अभ्यास बंद पडलेलं जाळं पुन्हा चालू करण्याच्या संदर्भात होतो. उपाय साधा आहे: प्रत्येक स्विचमध्ये वेगवेगळा उशीर. एकाचा पंप अर्ध्या मिनिटाने, दुसऱ्याचा दोन मिनिटांनी. मोबाईलवरून चालणाऱ्या स्टार्टरमध्ये हे आजही करता येतं.

आणि ऊन. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाणं नवलाचं राहिलेलं नाही. सोलर पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यावरच्या प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. पॅनलच ६५ अंशांवर गेलं तर बारा ते सोळा टक्के वीज तिथेच गेली. तारा तापून लोंबतात, त्यामुळे त्यांतून कमी वीज नेता येते. डीपीमधल्या तेलात बुडालेला इन्सुलेशनचा कागद ठरलेल्या तापमानाच्या वर साधारण सहा अंश तापला तर त्याच्या झिजण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ज्या महिन्यात केळीला पाणी सर्वांत जास्त लागतं, त्याच महिन्यात वीज देणारी प्रत्येक वस्तू सर्वांत दुबळी असते. युरोप-अमेरिकेतल्या थंड हवेत तयार झालेली कोष्टकं इथे जशीच्या तशी लावून चालणार नाहीत. जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना मला आवर्जून सांगावंसं वाटतं: एका डीपीचं तेल, भार आणि बाहेरचं तापमान मार्च ते जून मोजत राहा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून उपयोगी विषय मला तरी सुचत नाही.

पाणी हीच बॅटरी

राज्यात शेतीच्या फिडरला अनेक वर्षं आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास, मग रात्री, अशी थ्री फेज वीज मिळत आली. रात्रीच्या पाळीत साप-विंचू, बिबट्या, चिखल हे सगळं सोसून माणसं पिकाला पाण्याचे बारे देतात. २०१७ ला सुरू झालेली आणि २०२३ ला नव्याने आखलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना हा भार दिवसावर आणू पाहते. ३३ केव्ही उपकेंद्राच्या आसपास अर्ध्या मेगावॅटपासून पंचवीस मेगावॅटपर्यंतचे सौर प्रकल्प उभारायचे आणि त्यांची वीज तिथल्या तिथे शेतीच्या फिडरला द्यायची. उद्दिष्ट सुमारे १६ हजार मेगावॅटचं आहे.

शेतकऱ्याला रात्रीची झोप मिळते, हे तर आहेच. पण तांत्रिक बाजूनेही ही गोष्ट फार मोठी आहे. जगभर संशोधक विचारतात, की मागणीला उन्हाच्या वेळेकडे कसं वळवावं. पंपाला ठरावीक मिनिटाला वीज लागत नाही. दिवसभरात कधीही पाणी उपसलं तरी चालतं. शेततळं भरलं की वीज साठली असंच समजा. शहरातल्या एसीला किंवा कारखान्याच्या भट्टीला ही सवलत नसते. वीज दूरवरून येत नाही, त्यामुळे तारेतलं नुकसान कमी होतं आणि टोकाचं व्होल्टेज सुधारतं. काळजी एवढीच, की पावसाळ्यात पंप बंद असताना हीच वीज उलटी उपकेंद्राकडे चढते आणि व्होल्टेज वाढवते. स्पेनकडून शिकायचं ते इथे: या प्रकल्पांच्या इन्व्हर्टरना व्होल्टेज सावरण्याचं काम पहिल्या दिवसापासून नेमून द्यायला हवं.

पावसाळ्यात ऊन कमी झालं तर साक्रीचा वारा जोरात असतो. जून ते सप्टेंबर हा तिथल्या पवनचक्क्यांचा हंगाम. ऊन आणि वारा एकमेकांची उणीव भरून काढतात, अशी जागा आपल्याला निसर्गानेच दिली आहे.

पडल्यावर उठणं

उन्हाळा संपता संपता येणारं वादळ रावेर, यावल, चोपड्याकडच्या लोकांना सांगायला नको. तासाभरात केळी आडवी होते आणि खांबही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. वर्षभरात सरासरी किती तास वीज गेली, हा एक हिशोब. मोठ्या आघातात जाळं किती खोल कोसळलं आणि किती वेळात सावरलं, हा दुसरा. सरासरी चांगली असलेलं जाळंही वादळात आठवडाभर पडून राहू शकतं. शिवाय सरासरीत शहराची आणि वस्तीची बेरीज होते. शेवटच्या वस्तीचे सहा दिवस त्यात विरघळून जातात.

समजा वादळात दोनशे खांब पडले आणि दुरुस्तीच्या आठ टोळ्या आहेत. आधी कुठला खांब? ३३ केव्ही उभी राहिल्याशिवाय ११ केव्हीला अर्थ नाही, पण त्यानंतर पर्याय हजारो आहेत. ग्रामीण रुग्णालय, पाणीपुरवठ्याची विहीर, दूध शीतकरण, मोबाईल मनोरा, बागा. कुठून कुठे जायला किती वेळ, कुठे ट्रॅक्टर पोचेल, खांब कुठल्या डेपोत आहेत, हे सगळं घालून संगणक क्रम सुचवतो. अनुभवी शाखा अभियंता हे डोक्यात करतोच. संशोधनाने त्याच्या हाती नकाशा आणि आकडे येतात, आणि कुणाचा फोन आला म्हणून क्रम बदलला तर ते दिसतंही. फिडरला दुसऱ्या बाजूनेही पुरवठ्याची सोय आणि मध्ये आपोआप तुटणारे स्विच असले, तर एका झाडाने पंचवीस गावं अंधारात जात नाहीत. सगळ्या तारा जमिनीखाली नेण्याची मागणी मी ऐकतो. खर्च कित्येक पट आहे, म्हणून ती निवडक जागीच शक्य आहे.

आता सौर कृषी वाहिनीच्या प्रकल्पांचा विचार करा. वादळाने ३३ केव्ही लाईन पडली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं, उपकेंद्राशेजारी पाच मेगावॅटचे पॅनल धडधाकट उभे आहेत, आणि तेही बंद. गच्चीवरची अडचण फिडरएवढी झाली. काही निवडक ठिकाणी लय धरणारा इन्व्हर्टर आणि थोडी बॅटरी दिली, तर वरची लाईन येईपर्यंत तो फिडर स्वतःपुरता चालू शकतो. सगळे पंप नाही चालणार, पण रुग्णालय आणि पिण्याचं पाणी नक्की चालेल.

लहान जाळं स्वतःच्या पायावर उभं राहतं, हे नंदुरबार जिल्ह्याने पूर्वीच पाहिलंय. धडगाव तालुक्यातल्या बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदानाने १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभारला. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. सातपुड्याच्या पाड्यांना एकच लांब लाईन डोंगरावरून नेत राहायची, की तिच्या टोकाला असं स्वतःचं बळही द्यायचं, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे.

अडचणी खऱ्या आहेत. बिघाड झाला की मोठं जनित्र भरपूर करंट देतं, त्यामुळे फ्यूज उडतो आणि तुटलेली तार मृत होते. इन्व्हर्टर आपल्या क्षमतेच्या थोडाच वर करंट देतो. जमिनीवर पडलेली तार जिवंत राहील आणि फ्यूजला पत्ताही लागणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून फिडर वेगळा चालवायचा तर संरक्षणाची व्यवस्था नव्याने आखावी लागते, आणि लाईनवर चढलेल्या माणसाला फिडर जिवंत आहे की नाही हे निःसंशय कळेल अशी कुलूपबंद सोय लागते. यांवर काम चालू आहे, उत्तरं मिळत आहेत. बॅटरीचा खर्च कुणी उचलायचा हे मात्र प्रयोगशाळेत ठरणार नाही. आज सौर प्रकल्पाला पैसे मिळतात ते विकलेल्या युनिटचे. वादळानंतरच्या दोन दिवसांत रुग्णालय चालू ठेवल्याचे वेगळे पैसे करारात कुठेच नाहीत. राज्य वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत सामान्य ग्राहकालाही बोलता येतं. केळी उत्पादकांच्या संघटना दरवाढीवर तिथे बोलतातच. पुढच्या वेळी आपल्या उपकेंद्राशेजारच्या सौर प्रकल्पासाठी हीही मागणी त्यांनी लेखी मांडावी.